बाण परत येतो, गोळी नाही

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. त्याच दिवशी पुरुष गटात सुवर्णपदक मिळवणारा ओजस देवतळे नागपूरचा, पण त्याचाही सराव साताऱ्यात, प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली झालेला. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०२४ला, पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावलं. या प्रकारातलं भारताचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. अदितीचे वडील शिक्षक आणि स्वप्निलचेही वडील शिक्षक. दोन्ही घरांनी मुलांच्या खेळापायी कर्ज काढलं होतं, हे पदकांनंतरच्या बातम्यांतून सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं आणि जिद्दीची गोष्ट म्हणून दोन्ही कर्जं एकाच कप्प्यात ठेवून दिली. पण ही दोन कर्जं एका जातीची नाहीत. धनुष्य महाग असतं, बाणही स्वस्त नसतात. तरी सोडलेला बाण लक्ष्यातून उपटून पुन्हा भात्यात ठेवता येतो आणि त्याच डझनभर बाणांवर महिनोन्‌महिने सराव चालतो. गोळी मात्र चाप ओढला की गेली. धनुष्याचं कर्ज हप्त्याहप्त्यानं फिटत जातं. गोळ्यांचा खर्च रोज सकाळी नव्यानं उभा राहतो, आणि खिशात पैसे असले तरी गोळी मिळेलच असं नसतं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत नेमबाजी का रुजते, कुठपर्यंत रुजते आणि कुठे येऊन थांबते, हे समजून घ्यायचं तर आधी या काडतुसाकडे नीट पाहायला हवं.

साधा हिशेब करून पाहू. थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर बसून २०, पालथं पडून २० आणि उभं राहून २०, अशा ६० गोळ्या झाडायच्या असतात. त्याआधी नेम जुळवण्यासाठीच्या गोळ्या वेगळ्या. एखाद्या मुलानं रोज फक्त एका सामन्याइतका, म्हणजे ६० गोळ्यांचा सराव केला, आठवड्यातले ५ दिवस केला आणि परीक्षा, पावसाळा, आजारपण वजा जाता वर्षाचे ४० आठवडे केला, तरी आकडा १२,००० गोळ्यांवर जातो. ट्रॅपमध्ये, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या बारा बोअरच्या बंदुकीनं फोडण्याच्या प्रकारात, पात्रता फेरीत १२५ तबकड्या असतात आणि प्रत्येकीवर दोन बार टाकायची मुभा असते. एका स्पर्धेतच दीडशे-दोनशे काडतुसं संपतात. याउलट १० मीटर एअर रायफलला लागतात ते शिशाचे चिमुकले पेलेट. त्यांत दारू नसते, त्यांना स्फोटक म्हणून साठवावं लागत नाही, आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला आपल्याकडे परवानाही लागत नाही. घराच्या लांबट पडवीत, शाळेच्या सभागृहात, मंगल कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये १० मीटरचं अंतर आखता येतं. त्यामुळे गावोगावी नेमबाजीचं शिक्षण सुरू होतं ते एअर रायफलवर, आणि ते योग्यच आहे. अडचण पुढची आहे. एअर रायफलवर हात बसलेला मुलगा किंवा मुलगी ‘पॉइंट टू टू’कडे, म्हणजे ५० मीटरच्या प्रकारातल्या काडतुसाच्या रायफलीकडे, वळायला निघते तेव्हा तिला लागणारी गोळी आपल्या देशात सहज मिळत नाही. माझं म्हणणं असं आहे की ही टंचाई नैमित्तिक नाही, ती आपल्या व्यवस्थेत मुरलेली आहे; कोण कोणत्या प्रकारात उतरणार याची निवड गुणवत्तेच्या आधीच ती करून टाकते.

ही गोळी दिसायला किरकोळ आहे. पितळेची बारीक पुंगळी, तिच्या तोंडात बसवलेली सुमारे अडीच ग्रॅम वजनाची शिशाची गोळी, आत चिमूटभराहूनही कमी दारू. ठिणगी देणारं रसायन पुंगळीच्या बुडाला असलेल्या पोकळ कडेत ओलं असताना फिरवून बसवलेलं असतं. चाप ओढला की बंदुकीची पिन ही कड चेचते, कडेतलं रसायन पेटतं आणि त्यानं दारू पेटते. चेचलेली कड पुन्हा वापरता येत नाही. म्हणून पॉइंट टू टूची झाडलेली पुंगळी भंगारातच जाते. तिच्यात पुन्हा बार भरणं व्यवहारात अशक्य असतं. बारा बोअरचं काडतूस किंवा मोठ्या रायफलीचं काडतूस वेगळं. त्यांच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी बसवलेली असते. ती काढून नवी बसवता येते, दारू आणि छर्रे मोजून भरता येतात, आणि त्यातून अमेरिका-युरोपात घरी काडतुसं भरण्याचा एक मोठा छंदच उभा राहिला आहे. आपल्या घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीचं तंत्रही मुळात हेच: दारू, छर्रा, टोपी, प्रत्येक वस्तू वेगळी आणून बार आपल्या हातानं भरायचा.

आता अचूकतेचा प्रश्न. ५० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढं. गोळी साधारण सेकंदाला ३३० मीटर वेगानं जाते. तिच्यातली दारू कणभर कमी पडून वेग १० मीटरनं घसरला, तर ५० मीटरवर पोहोचेपर्यंत ती सुमारे ७ मिलिमीटर अधिक खाली येते. नेमबाजाचा श्वास, हात, डोळा सगळं बिनचूक असूनही अंतिम फेरीत १०.९ चा बार १०.१ च्या आसपास जाऊन बसतो. पॅरिसच्या अंतिम फेरीत सुवर्णपदकाचे गुण होते ४६३.६ आणि रौप्यपदकाचे ४६१.३. एवढ्या फरकावर जिथे पदकाचा रंग ठरतो, तिथे प्रत्येक गोळी दुसऱ्या गोळीसारखी असणं हीच खरी किंमत असते. त्यात आणखी एक गुंता आहे. प्रत्येक नळीला सगळ्याच गोळ्या सारख्या मानवत नाहीत. एका कंपनीची, एका दर्जाची, पण वेगवेगळ्या दिवशी बनलेली दोन खोकी एकाच रायफलीतून वेगळी वागतात. म्हणून कसलेले नेमबाज लॉट क्रमांक तपासून, आपल्या नळीला जुळलेल्या एकाच लॉटच्या हजारो गोळ्या एकदम घेऊन ठेवतात. हा दर्जा देणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमजवळची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, आणि नाव फिनलंडचं असलं तरी या गोळ्या जर्मनीतल्या शोनेबेकमध्ये बनवणारी लापुआ. भारतातला वरच्या पातळीवरचा नेमबाज याच नावांवर अवलंबून असतो. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला युरोपातल्या बाजाराची वार्ता रोज ठेवावी लागते, तशीच ती पॉइंट टू टूच्या नेमबाजालाही ठेवावी लागते. फरक एवढाच की बागायतदार तिथे माल विकतो आणि हा तिथून आणतो.

आणि गेली काही वर्षं ही वार्ता चांगली नव्हती. २०२० साली कोरोनाच्या भीतीत आणि तिथल्या राजकीय अस्वस्थतेत अमेरिकेत लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक विकत घेतली. काडतुसांची दुकानं रिकामी झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये रेमिंग्टन ही तिथली जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मागणी शिगेला असताना एक मोठा कारखाना थंडावला. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त दिवस टंचाई जाणवली ती टोप्यांची, कारण अमेरिकेत टोप्या बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि तयार काडतुसांचा तुटवडा असताना या कंपन्या टोप्या सुट्या विकण्याऐवजी स्वतःच्याच काडतुसांत बसवणार, हे उघड होतं. घरी काडतूस भरणाऱ्या छांदिष्टांना वर्षानुवर्षं वाटत आलं होतं की आपण बाजाराच्या चढउतारापासून सुरक्षित आहोत. त्यांच्याकडे यंत्र होतं, पुंगळ्या होत्या, साचे होते, टोपी नव्हती. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि गाठ दारूशी पडली. धूरविरहित दारूचा पाया म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते बनतं कापसापासून. सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून. युरोपातले कारखाने या तंतूसाठी मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहेत. तोफगोळ्यांची गरज वाढली तशी दारू तिकडे वळली आणि खेळाच्या काडतुसांना उरलंसुरलं मिळू लागलं. पॅरिसमध्ये स्वप्निलच्या वर, रौप्यपदकाच्या पायरीवर उभा असलेला सर्गी कुलिश युक्रेनचा होता, ही गोष्ट मला या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी जो कापूस भाव पडला म्हणून घरात साठवून ठेवतो, त्याच्याच तंतूच्या टंचाईनं जगातल्या बंदुका भुकेल्या राहतात, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग आपल्याकडच्या हौशी नेमबाजानं निदान बारा बोअरची काडतुसं घरी का भरू नयेत? हा प्रश्न बाहेरच्या जगातल्या छंदाकडे पाहून सहज सुचतो. त्याचं पहिलं उत्तर कायद्यात आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या दुसऱ्या कलमात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंसुद्धा येतात. म्हणजे काडतूस भरण्याचं छोटं हातयंत्र किंवा टोप्यांचं खोकं कायद्याच्या नजरेत जवळजवळ काडतुसाच्याच पंक्तीला बसतं, आणि पाचव्या कलमाप्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे: कायदा उद्या सैल झाला तरी टंचाई हटणार नाही. टोपी आणि दारू आणायची कुठून? अमेरिकेत ज्यांना कायद्याची मुभा होती त्यांचीही यंत्रं टोपीविना पडून राहिली. आणि पॉइंट टू टू तर मुळात पुन्हा भरताच येत नाही. ज्या प्रकारात आपल्या भागातल्या मुलांना खरी आशा आहे, त्याला या छंदाचा काडीचा उपयोग नाही. घरोघरी दारू साठवण्याचा धोका मग कशासाठी पत्करायचा? या बाबतीत आपला कायदा कडक आहे ते बरंच आहे, असं माझं मत आहे.

हा कडकपणा आला कुठून, हे मात्र पाहायला हवं, कारण त्यातला सगळाच भाग सारख्या योग्यतेचा नाही. इंग्रजांनी १८७८चा शस्त्र कायदा केला तो प्रजेच्या हातात बंदूक राहू नये म्हणून. त्या कायद्याच्या अमलातच १९४३ पासून जुन्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि कुंडलच्या परिसरात जी. डी. बापू लाडांची तुफान सेना. तेव्हा एक काडतूस जवळ सापडणं म्हणजे तुरुंग होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये या जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. शस्त्र कायदाही १९५९ मध्ये नवा आला. पण काडतुसाकडे संशयानं पाहण्याची सरकारी नजर बऱ्याच अंशी जुनीच राहिली. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबली, ते आवश्यकच होतं. त्यानंतर आपल्याकडे हौसेची बंदुकबाजी म्हणून जे उरलं ते फक्त लक्ष्यावरची नेमबाजी. १९८०च्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली आणि दुकानातल्या काडतुसासाठी सरकारी कारखान्यांवर भिस्त आली. खेळाडूंसाठी आयातीची वाट उघडी राहिली, पण ती अरुंद. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या मार्फत, किंवा ठरावीक दर्जा गाठलेल्या नेमबाजाच्या नावावर. ही संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे संस्थापक अध्यक्ष होते आपले दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावरची अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्याच नावानं होते. सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. २०१६च्या शस्त्र नियमांत नेमबाजांसाठी वेगळी तरतूद झाली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं नवोदित नेमबाजाला एकाऐवजी दोन शस्त्रं बाळगायची परवानगी दिली, नामवंतांची मर्यादा ७ वरून १२ वर नेली, वर्षाला घेता येणाऱ्या गोळ्यांचा कोटाही वाढवला. पण कोटा वाढवल्यानं गोळी तयार होत नाही. रेशनकार्डावर साखरेचं प्रमाण वाढवून लिहिलं म्हणून दुकानात साखर येत नाही, तसंच हे आहे.

या साऱ्याचा परिणाम मोजायचा कसा? भारताला ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत आजवर सात पदकं मिळाली. त्यांतली चार एअर प्रकारातली: २००८ मध्ये अभिनव बिंद्रा, २०१२ मध्ये गगन नारंग, २०२४ मध्ये मनू भाकर, आणि मनू भाकर-सरबज्योत सिंग ही जोडी. काडतुसाच्या प्रकारातली पदकं तीन. २००४ला डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवणारे राज्यवर्धनसिंह राठोड लष्करी अधिकारी. २०१२ला रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवणारे विजय कुमार लष्करात सुभेदार. आणि तिसरा स्वप्निल कुसाळे, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, मध्य रेल्वेत नोकरी करणारा. या तिन्ही पदकांमागे सरकारी कोठार किंवा सरकारी पगार आहे. तरीही स्वप्निलच्या वडिलांना सुरुवातीच्या काळात गोळ्यांसाठी कर्ज काढावं लागलं. याचा अर्थ सरकारी छत्र डोक्यावर येण्याआधीची जी काही वर्षं असतात, ती एखाद्या घरानं स्वतःच्या जिवावर काढली तरच पुढचा रस्ता दिसतो. सात पदकांवरून सिद्धान्त मांडू नये, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. शिवाय एअर प्रकार जगभर पहिली पायरीच मानला जातो, त्यामुळे तिथे गर्दी असणारच. मी एवढंच म्हणेन की काडतुसाच्या प्रकारात एकही पदक निव्वळ खासगी हौसेतून आलेलं नाही, हा योगायोग मला पटत नाही. एअर रायफलमधलं बिंद्रांचं सुवर्ण मात्र तसं आलं होतं, कुटुंबाच्या ऐपतीच्या बळावर.

कोल्हापूरचा दाखला इथे हटकून पुढे केला जाईल. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या, प्रकारात जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवणारी राही सरनोबत कोल्हापूरची. स्वप्निल त्याच जिल्ह्यातला. तिघंही काडतुसाच्या प्रकारातले. मग टंचाईचं रडगाणं कशाला? मला वाटतं, हा दाखला माझ्याच बाजूचा आहे. सांगलीहून कोल्हापूर जेमतेम ५० किलोमीटर. माती तीच, तालमी त्याच, सैन्यात पोरं पाठवणारी गावं तीच. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव तर नावापुढे मिलिटरी लावतं. देशातली पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ला साताऱ्यात सुरू झाली. एनसीसीतल्या मुलांचा रायफलीशी पहिला परिचय पॉइंट टू टूनंच होतो. म्हणजे हौस, परंपरा, शिस्त यांपैकी काहीही या दोन जिल्ह्यांत कमी नाही. तरी धनुर्विद्येत साताऱ्यानं जगज्जेते घडवले आणि काडतुसाच्या नेमबाजीत ते नाव कोल्हापूरचं झालं. मोठी रेंज, तिथला जाणता प्रशिक्षक आणि त्या रेंजला गोळी पुरवणारी साखळी जिथे एकत्र आली तिथे पदकं आली. साताऱ्यात उसाच्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या धनुर्विद्येच्या अकादमीला अशा साखळीची गरज नव्हती. तिचे बाण तिच्याकडेच परत येत होते.

टंचाई पदकाच्या बातमीपर्यंत न पोहोचणाऱ्यांवर काय करते, हे अधिक महत्त्वाचं आहे. गोळ्या कमी असल्या की नेमबाज पहिल्यांदा उभ्या स्थितीतला सराव वाढवतो आणि पालथा सराव टाळतो, कारण पालथं पडून जवळजवळ प्रत्येक गोळी दहात जाते आणि ती ‘वाया’ गेल्यासारखी वाटते. मग सामन्यात नेमका तिथेच घोटाळा होतो. वाऱ्याशी ओळख होत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याला दुपारनंतर वारा कसा दिशा बदलतो हे वहीत शिकता येत नाही, त्यासाठी गोळ्या खर्चाव्या लागतात. चांगल्या दर्जाचं खोकं सामन्यासाठी जपून ठेवलं जातं आणि सराव हलक्या दर्जाच्या गोळीवर चालतो. म्हणजे सराव एका गोळीचा आणि परीक्षा दुसरीची. आपल्या नळीला जुळलेला लॉट संपला की पुढचा लॉट कोणता येईल हे नशिबावर. ट्रॅपमध्ये तर काडतुसांचा हिशेब घरच्या हिशेबाला थेट भिडतो, आणि हौशी नेमबाज वर्षातून चार वेळा रेंजवर जाण्यापुरता उरतो. मुलींच्या बाबतीत ही गळती आणखी लवकर होते, असं मला वाटतं, कारण दोन भावंडांत एकावरच खर्च करायचा झाला तर कुणाच्या वाट्याला नकार येतो हे आपल्या समाजात वेगळं सांगायला नको.

यावर जाणकार सांगतात की गोळी न झाडता करायचा सराव हाच खरा सराव. ते बरोबर आहे. रिकाम्या रायफलीनं चाप ओढण्याचा सराव जगातले सगळे मोठे नेमबाज करतात, आणि नळीला संवेदक लावून नेमाची हालचाल संगणकावर दाखवणारी यंत्रणाही आता मिळते. सरावाचे निम्म्याहून अधिक तास असे घालवता येतील. पण बंदुकीचा हलकासा धक्का, आवाजानंतर डोळा स्थिर ठेवणं, वारा, आणि आपली नळी आज कोणत्या गोळीला कशी वागते, हे कोरड्या सरावात शिकता येत नाही. पोहण्याचे हातवारे काठावर उभं राहून कितीही घोटले तरी कृष्णेच्या पाण्यात उतरावंच लागतं.

सुरक्षेचा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्याला मी मान देतो. गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसं सापडल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यांतल्या वर्तमानपत्रांना नव्या नाहीत. गोळ्या मुबलक झाल्या तर त्या चुकीच्या हाती जाणार नाहीत कशावरून? माझं उत्तर असं की आजची पद्धत गोळीला रेंजपासून दूर, प्रत्येकाच्या घरातल्या कपाटात नेऊन ठेवते. टंचाईमुळे माणूस साठवण करतो. मिळेल तेव्हा, मिळेल तितकं घेऊन ठेवतो. अमेरिकेतही रिकाम्या दुकानांमागे मोठा वाटा याच साठेबाजीचा होता. गोळी रेंजच्या कुलूपबंद कोठारात राहिली, सरावाच्या वेळी मोजून मिळाली आणि तेवढ्याच पुंगळ्या मोजून परत गेल्या, तर सुरक्षाही वाढेल आणि घरात साठवायची गरजही कमी होईल. पॉइंट टू टूच्या खोक्यावर लॉट क्रमांक असतोच. त्याची नोंद ठेवणं कठीण नाही. हा श्रीमंतांचा खेळ आहे, त्यासाठी सरकारनं कशाला झिजायचं, असं म्हणणाऱ्यांना कांबळवाडी दाखवावी. तो श्रीमंतांचा राहिला आहे तो गोळीच्या वाटेमुळे, आणि ती वाट सरकारच्याच हातात आहे.

त्या वाटेचा सर्वांत जवळचा टप्पा खडकीला आहे. पुण्यातला खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. ‘केएफ’ ही त्याची अक्षरं कोरलेल्या पुंगळ्या देशभरातल्या परवानाधारकांना ओळखीच्या आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आला आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. साताऱ्यापासून हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत. या कारखान्यांचं पहिलं कर्तव्य सैन्याशी आहे, त्यात वाद नाही. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये कानपूरला अदानी समूहाचा छोट्या काडतुसांचा मोठा खासगी कारखाना सुरू झाला, आणि सैन्याच्या गोळ्यांचा सगळा भार आता एकट्या सरकारी कारखान्यांवर राहिलेला नाही. सामन्याच्या दर्जाची पॉइंट टू टू गोळी बनवणं हे मोठ्या आकड्यांचं काम नाही, ते बारकाईचं काम आहे. बाजार लहान म्हणून खासगी उद्योग त्यात उतरायला कचरेल, सरकारी कंपनीनं कचरू नये. पहिल्या दिवशी ती गोळी एलीच्या तोडीची होणार नाही. व्हायची गरजही नाही. ऑलिंपिकला निघालेले दहा-वीस जण परदेशी लॉट वापरतील. मावळंकर स्पर्धेपर्यंत पोहोचू पाहणाऱ्या मुलाला रोजच्या सरावासाठी भरवशाची, एकसारखी, स्वस्त गोळी मिळाली तरी मधली ती कर्जाची वर्षं पार पडतील. तोवर राज्य संघटनेनं आणि क्रीडा खात्यानं वर्षाची मागणी एकत्र नोंदवून आयात करावी आणि वाटप पुण्या-मुंबईतून न करता जिल्ह्याच्या क्रीडा संकुलातल्या कुलूपबंद कोठारातून करावं. सांगलीच्या मुलीनं एका शनिवारी १०० गोळ्या सही करून घ्याव्यात, संध्याकाळी १०० पुंगळ्या मोजून द्याव्यात. पुंगळ्यांचं पितळ गोणीत भरून भंगार म्हणून खडकीला परत जाऊ शकतं.